सात किलोंत महिनाभर: गोव्याहून फक्त केबिन बॅग घेऊन निघणाऱ्यांसाठी

लांबचा प्रवास ठरला की घरात पहिली हालचाल होते ती माळ्यावरची मोठी बॅग खाली काढायची. ती भरेपर्यंत भरली जाते, कारण जागा दिसली की सामान सुचत जातं. मला ठामपणे वाटतं की महिनाभराच्या प्रवासालाही ती बॅग लागत नाही. पाठीवर सात किलोंची एक सॅक आणि खांद्याला एक लहान पिशवी एवढ्यावर माणूस काशीला जाऊ शकतो, व्हिएतनाम फिरू शकतो, इंग्लंडमधल्या स्विंडनला लेकीकडे जाऊन राहू शकतो.

यामागे हिशेब एकच आहे. कपडे प्रवासाच्या दिवसांवर मोजायचे नाहीत, दोन धुण्यांच्या मधल्या दिवसांवर मोजायचे. तिसऱ्या दिवशी कपडे धुणार असाल तर दहा दिवसांच्या आणि चाळीस दिवसांच्या प्रवासाला तेवढेच कपडे लागतात. हे एकदा पटलं की बाकीच्या पायऱ्या सोप्या जातात.

तान्हं बाळ बरोबर असेल, रोज लागणारं एखादं मोठं यंत्र न्यायचं असेल किंवा घरचंच लग्न परगावी असेल, तर खुशाल मोठी बॅग घ्या. बाकीच्यांनी पुढे वाचा.

१. बॅगेला हात लावण्याआधी तिकीट वाचा

भारतातल्या बहुतेक विमान कंपन्या इकॉनॉमीच्या प्रवाशाला केबिनमध्ये सात किलोंची एक बॅग देतात. इंडिगोचं माप ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर आहे. एमिरेट्सही सातच किलो देते. एअरएशियात मोठी आणि लहान अशा दोन्ही बॅगा मिळून सात किलो धरतात, आणि नवखे लोक नेमके इथे अडकतात. लॅपटॉपची पिशवी वेगळी चालते असं गृहीत धरून ते काउंटरवर जातात आणि तिथे दोन्ही एकत्र तोलल्या जातात. युरोपात फिरताना स्वस्त विमानं घेणार असाल तर आणखी जपा. विझ एअरच्या साध्या तिकिटात फक्त ४० × ३० × २० सेंटीमीटरची, आसनाखाली मावणारी पिशवी फुकट असते. सॅक न्यायची तर जादा पैसे भरावे लागतात, आणि ते तिकीट काढतानाच भरलेले स्वस्त पडतात. विमानाच्या दारात तीच रक्कम बरीच फुगते.

प्रवासात चार कंपन्यांची विमानं असतील तर त्यांतला सर्वांत कडक नियम तुमचा. त्याच मापावर तयारी करा.

गोवेकरांनी तिकिटावर आणखी एक गोष्ट बघायची. जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमानं सुटू लागली, तेव्हापासून जाताना एक विमानतळ आणि येताना दुसरा असं सहज होतं. स्वस्त तिकीट शोधताना तर हमखास. तेव्हा मोपाच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवण्याआधी परतीचं तिकीट उघडून बघा. केबिन बॅगवाल्याला यात एक सोय आहे. कुठेही उतरलं तरी सामानाच्या पट्ट्याजवळ ताटकळायचं नाही, सरळ बाहेर येऊन कदंबची बस पकडायची.

२. बॅग कोणती, आणि घरात असलेली चालेल का

चाकांची कडक ट्रॉली दिसायला छान असते, पण रिकामीच अडीच-तीन किलो भरते. सातातले तीन तिथेच गेले. पाठीवरची ३५ ते ४० लिटरची, सुटकेससारखी पूर्ण उघडणारी सॅक साधारण सव्वा किलोची मिळते. पाठ-कंबर ठीक असेल तर तीच घ्या. पाठीचा त्रास असेल तर चाकांची घ्या, पण कापडी आणि दोन चाकांची, ती हलकी असते. विकत घेताना मापपट्टी बरोबर न्या आणि चाकं, मूठ, बाहेरचे कप्पे सगळं धरून मोजा. दुकानातल्या चिठ्ठीवरचं माप कधी कधी नुसत्या पेटीचं असतं.

घरात जुनी सॅक असेल तर ती उन्हात काढून आतून बाहेरून तपासा. आपल्या हवेत हे फार महत्त्वाचं आहे. सॅकच्या कापडाला आतून पाणी न शिरण्यासाठी पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. दमट हवेत तो हळूहळू विघटित होतो. आधी चिकट लागतो, मग त्याच्या पांढुरक्या पापड्या सुटून कपड्यांना लागतात. हात फिरवून चिकट लागलं तर ती बॅग लांबच्या प्रवासाला नेऊ नका. खाऱ्या हवेने धातूची झिप गंजते. ती पाच-सहा वेळा पूर्ण उघडून लावून बघा, अडत असेल तर दातांवर मेणबत्तीचा तुकडा घासा.

बुटांचंही तसंच. खोक्यात दोन-तीन पावसाळे पडून राहिलेले स्पोर्ट्स शूज वरून नवे दिसतात, पण पॉलियुरेथेनचा तळवा आतून भुसभुशीत झालेला असतो आणि चालायला लागल्यावर त्याचे तुकडे पडतात. निघण्याआधी आठवडाभर तेच बूट घालून रोज चाला. काय व्हायचं ते आपल्या गावातच होऊ दे.

३. सात किलोंची वाटणी

बॅग भरायला घेण्याआधी कागदावर वाटणी करा. मी साधारण अशी करते:

- रिकामी सॅक: १.२ किलो
- कपडे (अंगावरचे सोडून): २.५ किलो
- दुसरी चपलांची जोडी: ०.५ किलो
- चार्जर, पॉवर बँक, केबल वगैरे: १.२ किलो
- साबण-तेल-दाढीचं किंवा पाळीचं सामान: ०.६ किलो
- औषधं: ०.३ किलो
- कागदपत्रं, चश्मा, वही: ०.२ किलो
- मोकळं ठेवायचं वजन: ०.५ किलो

शेवटची ओळ खोडू नका. विमानतळावरचा काटा घरच्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो, आणि वाटेत काहीतरी घेतलं जातंच. हुकाला बॅग लटकवून तोलायचा लहान डिजिटल काटा फार महाग नसतो, तो घ्या. लॅपटॉप न्यायचा असेल तर तो या यादीत बसत नाही. तो खांद्याच्या पिशवीत जातो, आणि ती चालते की नाही हे पहिल्या पायरीत बघितलेलंच आहे.

४. कपडे

अंगावरचा एक आणि बॅगेत तीन जोड. एवढे पुरतात. आतले कपडे चार जोड, मोजे तीन. साडी नेसणाऱ्यांनी दोन सिंथेटिक किंवा शिफॉनच्या आणि एक बऱ्यापैकी रेशमी घ्यावी. सुती साडी जड असते, वाळत नाही आणि इस्त्री मागते. पंजाबी ड्रेस वापरणाऱ्यांनी दोन सलवारींवर तीन कुर्ते बसवावेत. रंग एकमेकांवर जातील असे निवडा, म्हणजे कुठलाही वरचा कपडा कुठल्याही खालच्यावर चालेल.

जीन्स न्यायचीच असेल तर अंगावर घाला, बॅगेत नको. एक जीन्स पाऊण किलोच्या आसपास भरते आणि धुतली तर दोन दिवस ओली राहते.

थंडीच्या मुलखात जाताना गोव्याचा माणूस घाबरतो आणि उसना मिळेल तो जाडजूड कोट उचलतो. एका जाड कोटापेक्षा पातळ थर बरे. आत थर्मल, वर एक लोकरी किंवा फ्लीसचा, त्यावर घडी घालून मुठीत मावणारं हलकं पफर जॅकेट आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारं रेनकोटासारखं कवच. थरांच्या मधली हवा ऊब धरून ठेवते, आणि आगगाडीत गरम झालं की एकेक थर काढता येतो. यातले दोन थर विमानात अंगावर किंवा हातावर असू द्या. मोपाला मे महिन्यात जॅकेट हातावर घेऊन उभं राहायला विचित्र वाटेल, पण विमानातही गारठा असतो आणि बॅग तेवढी हलकी होते. जॅकेटचे खिसेही वापरा. चार्जर, चश्मा, पुस्तक तिथे जातं.

टॉवेल नेऊ नका, पंचा न्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतो तसला साधा, पातळ, सुती पंचा. अंग पुसून तासाभरात सुकतो, देवळात खांद्यावर घेता येतो, बसमध्ये ऊन आलं तर खिडकीला लावता येतो, थंडीत गळ्याभोवती जातो. आणि पुढच्या पायरीत त्याचं खरं काम आहे.

५. धुणं

यावर सगळी मदार आहे, म्हणून नीट सांगते. रोज आंघोळीच्या वेळी त्या दिवसाचे आतले कपडे आणि मोजे धुवायचे, वरचे दर तिसऱ्या दिवशी. साबणाची वडी अंगाची असली तरी चालते. परदेशात बाथरूममध्ये बादली नसते, तेव्हा बेसिनच्या भोकात एक मोजा गोळा करून बसवा आणि त्यात पाणी साठवा.

पिळून झाल्यावर कोरडा पंचा पलंगावर पसरा, त्यावर ओला शर्ट सपाट ठेवा, दोन्ही मिळून घट्ट वळकटी करा आणि गुडघ्याने टोकापासून टोकापर्यंत दाबत जा. उलगडलात की पंचा चिंब झालेला दिसेल आणि शर्ट नुसता ओलसर. असा शर्ट एसीच्या खोलीत रात्रीत वाळतो. आपल्याकडच्या श्रावणातल्या हवेत जे कापड दोन दिवस आंबतं, ते कोरड्या मुलखात सकाळी अंगात घालता येतं, त्यामुळे इथल्या अनुभवावरून तिथला अंदाज बांधू नका. वाळत घालायला तीन मीटर नायलॉनची दोरी आणि सहा सेफ्टी पिना न्या. चिमट्यांपेक्षा पिना हलक्या, आणि शिवण उसवली तर कामाला येतात.

पावसाळी मुलखात किंवा मोठे कपडे साठले तर लाँड्री शोधा. आठवड्यातून एकदा तो खर्च करावा, त्यात कंजुषी नको.

६. पातळ आणि चिकट पदार्थांची पिशवी

आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर प्रत्येक द्रव १०० मिलिलिटर किंवा त्याहून लहान बाटलीत हवा आणि सगळ्या बाटल्या एक लिटरच्या, बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत बसायला हव्यात. बाटलीचं माप बघतात, आत किती उरलंय ते नाही. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाला चमचाभर तेल असलं तरी ती काढून घेतात. टूथपेस्ट, क्रीम, जेल, मलम हे सगळं द्रवातच मोडतं.

म्हणून शक्य तितकं घन न्या: साबणाची वडी, शाम्पूची वडी, दंतमंजन. खोबरेल तेल लागतंच म्हणणाऱ्यांसाठी एक सूचना. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. इथे आपल्याला ते बाटलीत वाहताना बघायची सवय, तिथे अरुंद तोंडाच्या बाटलीतून थेंब निघत नाही. रुंद तोंडाच्या लहान डबीत घ्या, बोटाने काढता येतं. ती डबीही द्रवांच्या पिशवीतच ठेवा.

दाढीच्या सुट्ट्या ब्लेड, सुरी, काडेपेटी, लायटर काढून टाका. संडासात पाणी वापरायची सवय असलेल्यांनी पिळता येईल अशी मऊ प्लास्टिकची रिकामी बाटली घ्यावी, ती रिकामी असल्यामुळे तपासणीत अडत नाही.

७. खाऊ, आणि दुसऱ्यांची पार्सलं

गोव्याच्या घरातून केबिन बॅग घेऊन निघताना सर्वांत मोठी अडचण इथे येते. निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या काकू काजूचं पाकीट घेऊन येतात, आत्या मसाल्याची बरणी आणते, कोणीतरी भाच्यासाठी फेणी देतं. माणसं प्रेमाने देतात, पण तुमचे सात किलो तिथेच संपतात.

काय चालत नाही ते आधी माहीत असू द्या. फेणीची बाटली हातातल्या बॅगेतून तपासणीपलीकडे जात नाही. तेलातलं लोणचं, तूप, काकवी अडवतात. मिरचीपूड आणि मसाल्याची पूडही अडवली जाण्याची शक्यता मोठी. नारळ केबिनमध्ये चालत नाही. सुकं खोबरं तर विमानाच्या पोटात जाणाऱ्या खालच्या सामानातही टाकू नका. त्यात तेलाचं प्रमाण इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते.

याहून गंभीर गोष्ट खसखशीची. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये खसखस नेणं हा गुन्हा आहे. आपल्या मालवणी मसाल्यात ती असते, अनारशांवर असते. दुबईला निघालेल्याच्या बॅगेत घरचा मसाला असेल तर तो कोणी, काय घालून केला ते विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. युरोपीय संघाच्या देशांत मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे आणि खव्याची मिठाई घरीच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला उतरताना काजू, आमसुलं, खायचं काहीही बरोबर असेल तर ते फॉर्मवर लिहून जाहीर करावं लागतं. लपवलं तर दंड होतो.

नाही म्हणायला जड जातं हे मला ठाऊक आहे. "काकू, माझी बॅग सात किलोंची आहे, तोलून झाली" असं सांगितलं की बहुतेक जण समजून घेतात, कारण त्यात त्यांचा खाऊ नको असं कुठे येत नाही. बॅग खरोखर आदल्या दिवशी तोलून बंद केलेली असू द्या. बांधलेलं, न उघडता न्यायला सांगितलेलं पाकीट मात्र कोणाचंही घेऊ नका, अगदी नात्यातल्या माणसाचंही. तपासणीत सापडलं तर बॅग ज्याच्या हातात तो जबाबदार धरला जातो.

स्वतःला न्यायचं असेल तर अर्धा किलो खाजं किंवा काजू न्या. कोरडं, सुटं, ओळखता येणारं. जिथे पोचाल तिथल्या माणसांना तेवढ्यानेही आनंद होतो.

८. वीज आणि चार्जर

पॉवर बँक फक्त केबिनमध्येच चालते, खालच्या सामानात नाही. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-अवरची असते, म्हणजे ती चालेल. तिच्यावरचे आकडे पुसले गेले असतील तर दुसरी घ्या, वाचता न येणारी काढून घेतात. आता काही कंपन्या ती विमानात वापरूही देत नाहीत. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून तसा नियम केला आहे. म्हणून फोन घरूनच पूर्ण चार्ज करून निघा.

आपला दोन पिनांचा चार्जर युरोपातल्या बहुतेक ठिकाणी तसाच बसतो. ब्रिटन, दुबई, सिंगापूर, मलेशियात तीन चौकोनी पिनांचं सॉकेट असतं, त्याला अडॅप्टर लागेल. फोन, पॉवर बँक, घड्याळ सगळ्यांना मिळून एकच दोन तोंडांचा चार्जर न्या.

९. कागदपत्रं आणि औषधं

- पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असलेला बरा, अनेक देश तसं मागतात
- व्हिसा, परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता, कागदावर छापलेले
- प्रवास विमा. शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला
- देशातल्या प्रवासाला आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र
- डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासह
- दोन पासपोर्ट फोटो
- या सगळ्यांचे फोटो फोनमध्ये आणि घरच्या एका माणसाकडे

गोळ्या पाकिटातून काढून डबीत एकत्र करू नका, पट्ट्यांवर नाव दिसायला हवं. सर्दी-खोकल्याची आपली नेहमीची औषधंही सगळीकडे चालत नाहीत. कोडीनवर अमिरातीत कडक बंधनं आहेत, स्यूडोएफेड्रिनवर जपानमध्ये. जिथे जायचं तिथला नियम आधी बघा.

१०. बॅग भरणं

कपड्यांच्या गुंडाळ्या करा आणि प्रकारानुसार पिशव्यांत घाला. त्यासाठी विकतच्या पिशव्यांची गरज नाही. जुन्या सिंथेटिक साडीच्या नाडीच्या चार पिशव्या शिंपी सहज शिवून देतो आणि त्यांना वजन जवळजवळ नसतं. जड वस्तू पाठीला लागून, द्रवांची पिशवी वरच्या कप्प्यात.

आता एक पाऊच वेगळा करा. त्यात पासपोर्ट, औषधं, पॉवर बँक, पैसे, चश्मा. हा पाऊच एका हाताने ओढून काढता आला पाहिजे. कारण विमान भरलेलं असलं की दारातच तुमची बॅग काढून खाली ठेवायला सांगतात. लहान विमानांत तर वरचे कप्पेच लहान असतात. मोपाहून फ्लाय९१ची एटीआर ७२ विमानं सुटतात, तसल्या विमानात बसणार असाल तर हे गृहीतच धरा. त्या घाईत रांग अडवून बॅग उपसत बसण्यापेक्षा पाऊच ओढायचा आणि बॅग देऊन टाकायची. पॉवर बँक आत राहिली तर ती बॅग पुन्हा उघडायला लावतात.

भरलेली बॅग पाठीवर घेऊन घराचे जिने दोनदा चढा-उतरा. जड वाटली तर तेव्हाच काहीतरी काढा. काय काढायचं सुचत नसेल तर "लागलं तर" म्हणून घातलेली वस्तू शोधा. तिथे दुकानात मिळणारी असेल तर ती इथेच राहू दे.

११. परत आल्यावर

बॅग रिकामी करून दुसऱ्याच दिवशी ओल्या फडक्याने आतून पुसा आणि सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, आत ओल कोंडते आणि एका पावसाळ्यात बुरशी धरते. झिप उघड्या ठेवा, आत दोन-चार सिलिकाच्या पुड्या टाका आणि कपाटात भिंतीला न लावता ठेवा. जून ते सप्टेंबरमध्ये ऊन पडेल त्या दिवशी एकदा बाहेर काढा. प्रवासात जे एकदाही वापरलं नाही त्याची यादी कागदावर लिहून बॅगेतच ठेवा, पुढच्या वेळी भरताना ती आधी वाचता येते.